जे लेकरू एका जागी बसत नाही



१३ जूनला आपण संत अंतोनींचा सण साजरा केला. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत म्हणून त्यांची ख्याती आपल्या घराघरांत आहे. किल्ली सापडेना, पासबुक सापडेना, की आजीच्या तोंडी आधी त्यांचेच नाव येते. पण काही घरांत त्यांचा धावा रोजचाच असतो. शाळा उघडते आणि पहिल्या पंधरवड्यातच त्या घरातल्या लेकराने दोन खोडरबर, एक कंपासपेटी, पाण्याची बाटली आणि नवी कोरी छत्री हरवलेली असते. डबा रिक्षात राहतो, वही बाकाखाली राहते. घरचा अभ्यास केलेला असतो, पण तो बाईंना दाखवायचाच राहून जातो. आई विचारते, "अरे, कुठे ठेवलेस?" तो खरोखरच आठवायचा प्रयत्न करतो, आणि त्याला खरोखरच आठवत नाही.

जून महिन्यात आपल्या धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू होतात. मग दोन प्रकारची माणसे आमच्या ऑफिसात येतात. आधी धर्मशिक्षिका येते आणि म्हणते, "फादर, हा एक मुलगा सगळा वर्ग बिघडवतो." चार दिवसांनी त्याच मुलाची आई येते. ती काही तक्रार करत नाही. ती एवढेच विचारते, "फादर, त्याला यंदा वर्गाला नाही पाठवले तर चालेल का?" या दुसऱ्या प्रश्नामुळे आजचे हे पान आम्ही लिहीत आहोत. कारण आज जी आई मुलाला वर्गाला पाठवायला संकोचते, ती उद्या त्याला मिस्साला आणायला संकोचते, आणि परवा ती स्वतःही येईनाशी होते. घरी त्याच्याजवळ कोणीतरी बसायला हवे ना! अशी कुटुंबे कोणाशी भांडून चर्च सोडत नाहीत. ती आधी पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर जातात, तिथून व्हरांड्यात, आणि मग एका रविवारी व्हरांड्यातही दिसत नाहीत.

डॉक्टर या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. मराठीत सांगायचे तर एकाग्रतेचा अभाव आणि अतिचंचलता. सगळीच लहान मुले चंचल असतात, पाच वर्षांचे पोर शांत बसले तर आपणच त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतो. तेव्हा प्रत्येक खोडकर मुलाला हे नाव चिकटवू नये. डॉक्टरांच्या दोन याद्या असतात, एक लक्ष न टिकण्याची आणि एक चंचलतेची, प्रत्येकीत नऊ लक्षणे. एका तरी यादीतली किमान सहा लक्षणे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ दिसावी लागतात. त्यांतली काही बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात. ती केवळ घरी किंवा केवळ शाळेत असून चालत नाही, किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांमुळे मुलाचा अभ्यास, मैत्री, घरचे जगणे अडायला हवे. जो मुलगा फक्त गणिताच्या तासाला चुळबूळ करतो, त्याला बहुधा गणित आवडत नसते, एवढेच!

जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत ही अवस्था आढळते. म्हणजे एखाद्या धर्मग्रामात धर्मशिक्षणाला दोनशे मुले येत असतील, तर त्यांत दहाएक अशी असणार. त्यांपैकी पळणारी, बाकावर चढणारी, उत्तर ठाऊक नसतानाही हात वर करणारी आपल्याला दिसतात. पण याच अवस्थेचे एक शांत रूपही आहे. खिडकीबाहेर पाहत बसणारी, तीनदा नाव घेतल्यावर दचकून वळणारी, कोणाला काही त्रास न देणारी एखादी मुलगी. तिला कोणी रागावत नाही आणि तिला कोणी डॉक्टरांकडेही नेत नाही. तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा येतो. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट पुष्कळदा अशीच वर्षानुवर्षे लपून राहते.

लोक म्हणतात, ही नवी फॅडे आहेत, आमच्या काळी असले काही नव्हते. तसे नाही. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली आपल्या पुस्तकात अशा न टिकणाऱ्या लक्षाविषयी लिहून ठेवले आहे. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने काही मुलांविषयी व्याख्याने दिली. ही मुले बुद्धीने धड होती, पण स्वतःला आवरू शकत नव्हती. त्याने या गोष्टीला नैतिक संयमातील उणीव असे नाव दिले. हे नाव आम्हाला विचार करायला लावते. आजारपण पाहणाऱ्या डॉक्टरलासुद्धा प्रथम सुचला तो शब्द नीतीचा होता. वैद्यकाने पुढे ते नाव टाकले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत लक्षाची कमतरता हे नाव आले, १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली. पण आपल्या अंगणात आणि आपल्या बाकांवर तो जुना शब्द अजून चालू आहे. 'वाईट वळणाचा', 'संस्कार नाहीत', 'आईने लाडावून ठेवला आहे.'

मग या मुलांचे नेमके होते काय? आपल्यापैकी ज्यांनी वाडीत काम केले आहे, त्यांना हे चटकन कळेल. विहिरीला पाणी भरपूर आहे, पंपही चालू आहे, पण पाटाला दारे धरणारा माणूस जागेवर नाही. मग पाणी केळीच्या आळ्यात जाण्याऐवजी वाट फुटेल तिकडे जाते. एका कोपऱ्यात डबके होते आणि शेजारचे झाड कोरडे राहते. या मुलांकडे लक्ष कमी नसते. लक्ष हवे तिकडे वळवणारा आणि नको तिथे थांबवणारा माणूस अजून तयार झालेला नसतो. म्हणूनच तो क्रिकेटचा सामना दोन तास पाहू शकतो आणि वहीचे अर्धे पान लिहू शकत नाही. "टीव्हीसमोर बरा बसतो, म्हणजे हे सगळे ढोंग आहे," असा निष्कर्ष आपण काढतो. टीव्ही, मोबाईल, सामना या गोष्टी लक्षाला स्वतः ओढून घेतात, तिथे दारे धरावी लागत नाहीत. वहीच्या पानाला धरावी लागतात.

मेंदूचा पुढचा भाग हे दारे धरण्याचे काम करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की या मुलांच्या मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ इतर मुलांसारख्याच क्रमाने होते, पण सरासरी सुमारे तीन वर्षे मागे असते. विशेषतः पुढच्या भागात हा उशीर अधिक दिसला. अनेक तज्ज्ञ पालकांना सांगतात, की दहा वर्षांच्या अशा मुलाकडून सात वर्षांच्या मुलाएवढ्या धीराची अपेक्षा ठेवा. बुद्धी दहाची असेल, कदाचित बाराचीही असेल, पण थांबण्याची ताकद सातची असते. उंची बघून आपण त्याच्याकडून दहाची मागतो.

आता दोष कोणाचा, हा प्रश्न. आपल्या समाजात तो टळत नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूच्या शिष्यांनीही एका जन्मांध माणसाकडे पाहून हेच विचारले होते, की पाप याने केले की याच्या आईबापाने. त्यांच्यासमोर एक दुःखी माणूस बसला होता आणि त्यांना हिशेब हवा होता. प्रभूने दोन्ही नावे खोडून टाकली. आपल्याकडे हा हिशेब बहुधा सुनेच्या नावावर मांडला जातो. सासूबाई म्हणतात, "आमची चार पोरे अशी नव्हती." (एखादे तसे होते, पण ते आता मोठे झाले आहे, कमावते आहे, म्हणून विसर पडला आहे!) खरी गोष्ट अशी, की उंचीप्रमाणेच ही अवस्था मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून मुलामुलांतल्या या फरकाचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा आनुवंशिकतेचा असल्याचे दिसते. डॉक्टरांसमोर मुलाची लक्षणे सांगता सांगता एखादा बाप मध्येच गप्प होतो, कारण ती त्याच्या स्वतःच्या बालपणाची गोष्ट असते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, फार कमी वजनाच्या बाळांत हा धोका काहीसा अधिक असतो. साखर खाल्ल्याने हे होते असे तपासण्यांत दिसलेले नाही. मोबाईलचा वेळ जरूर आवरावा, झोपेसाठी आणि डोळ्यांसाठी तो आवरायलाच हवा, पण मोबाईल दिला म्हणून आईने हा आजार ओढवून घेतला, असे कोणी तिला म्हणू नये. आणि हे भुताखेताचे किंवा दृष्ट लागल्याचे काम नाही. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, आम्हीही करतो. पण आपल्याच बायबलमधील बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय घरी उघडून वाचावा. वैद्य आणि औषधे ही परमेश्वराचीच देणगी आहे आणि शहाण्याने त्यांना कमी लेखू नये, असे तिथे सांगितले आहे. प्रार्थनासभेला जायचे म्हणून डॉक्टरांची तारीख चुकवणे, हे त्या अध्यायाला धरून नाही.

धर्मगुरू म्हणून आम्हाला सर्वांत जवळची बाजू मात्र वेगळी आहे. ती प्रायश्चित्त संस्काराची.

पहिल्या कम्युनियनच्या तयारीत तिसरी-चौथीतली मुले पापांची उजळणी करून येतात. अशा मुलांची उजळणी फार लांब असते. मी आईचे ऐकत नाही. मी अभ्यास विसरतो. मी मिस्सात बोलतो. मी जपमाळेच्या वेळी हालतो. मी बाईंना त्रास देतो. मी मध्ये मध्ये बोलतो. पुढच्या खेपेला पुन्हा तीच यादी, त्याच क्रमाने. कोणा एका लेकराचे हे सांगणे नाही, कानोकानी वर्षानुवर्षे चालत आलेली ही यादी आहे आणि ती मुलांनी मोठ्यांच्या तोंडून पाठ केली आहे. नऊ वर्षांचे मूल अशी यादी घेऊन गुडघे टेकते, तेव्हा त्याने एक गोष्ट पक्की मानलेली असते, की देवसुद्धा आपल्यावर रागावलेला आहे. आई रागावते, बाई रागावतात, वर्गातली मुले हसतात, मग देव तरी निराळा कशाला असेल? या रोगातली सगळ्यांत मोठी इजा ही आहे असे आम्हाला वाटते, आणि ती मेंदू करत नाही.

तेव्हा ख्रिस्तसभेची शिकवण नीट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पाप हे नुसत्या घडण्यात नसते. त्याला जाणीव लागते आणि संमती लागते. गंभीर पापासाठी तर विषय गंभीर असावा लागतो, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती असावी लागते, हे आपण सर्वांनी धर्मशिक्षणात पाठ केले आहे. पण कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा १७३५ वा परिच्छेद आपण क्वचितच वाचतो. माणसाची जबाबदारी कशाकशाने कमी होते, प्रसंगी नाहीशीही होते, ते तिथे सांगितले आहे. अज्ञान, भीती, सवय, मानसिक कारणे यांच्या बरोबरीने त्या यादीत चक्क अनवधान हा शब्द आहे. अनवधान! म्हणजे लक्ष नसणे. हा शब्द ख्रिस्तसभेने कोणा डॉक्टरकडून उसना घेतलेला नाही. नीतिशास्त्राला तो पूर्वीपासून माहीत आहे.

मग या मुलांना काही पापच नसते काय? असते की! भावाला मारले, आणि मारून झाल्यावर 'मी नाही मारले' म्हणून सांगितले, तर त्याबद्दल त्यानेही क्षमा मागायची. आवेगात हात उठला असेल, पण खोटे तर विचार करून बोलला. त्याला सगळे माफ करून टाकणे हा त्याचा मान नव्हे, तो त्याला माणूस न समजण्याचाच एक प्रकार आहे. पण डबा विसरणे हे पाप नाही. हालणे हे पाप नाही. खिडकीतून पाखरू पाहणे तर नाहीच नाही, त्या पाखराचा कर्ताही वेदीवरच्या प्रभूपासून वेगळा नाही. आमची सर्व धर्मशिक्षकांना विनंती आहे, की मुलांकडून पापांची उजळणी करून घेताना हे दोन ढीग वेगळे करायला त्यांना शिकवावे. एकात जे मी जाणूनबुजून केले ते. दुसऱ्यात जे माझ्याकडून होते आणि ज्यासाठी मला मदत हवी आहे ते. दुसरा ढीगही त्याने जरूर आणावा, पण तो क्षमेसाठी नव्हे, आशीर्वादासाठी.

पवित्र शास्त्रातला एक वृद्ध धर्मगुरू या बाबतीत आम्हाला फार जवळचा वाटतो. त्याचे नाव एली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात शिलो येथील मंदिरात हन्ना नावाची स्त्री प्रार्थना करत बसते. तिचे ओठ हालतात, आवाज मात्र ऐकू येत नाही. दारापाशी बसलेल्या एलीला वाटते, ही दारू पिऊन आली आहे. तो तिला तसे बोलतोही. मंदिरात आलेल्या माणसाच्या हालचालीवरून त्याच्या मनाची पारख करण्याची घाई किती जुनी आहे, पाहा! हन्ना त्याला शांतपणे आपले दुःख सांगते आणि एली लगेच आपला शब्द बदलतो, तिला आशीर्वाद देतो.

पुढे त्याच हन्नेचा मुलगा शमुवेल एलीजवळ मंदिरात राहू लागतो. एका रात्री तो पोर झोपेतून उठून धावत एलीकडे येतो, तुम्ही मला हाक मारली म्हणून. एलीने हाक मारलेली नसते. तो त्याला परत निजायला पाठवतो. थोड्या वेळाने पोर पुन्हा हजर. पुन्हा निजायला पाठवणी. मग तिसऱ्यांदा! एलीचे डोळे मंद झालेले, वय झालेले, रात्रीची झोपमोड. आपल्या घरी असते तर दुसऱ्या खेपेलाच पाठीत धपाटा बसला असता. एली एकदाही ओरडत नाही. आणि तिसऱ्या खेपेस त्याच्या ध्यानात येते, की या मुलाच्या वारंवार उठण्यामागे काहीतरी आहे, जे मुलाला स्वतःलाही कळलेले नाही. मग तो त्याला लांबलचक उपदेश करत नाही. पुन्हा हाक आली तर काय म्हणायचे, ते तो त्याला एका छोट्या वाक्यात शिकवतो. पोराच्या लक्षात राहील एवढेच.

शमुवेलाला हा आजार होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही, कोणा संदेष्ट्याला डॉक्टरी चिठ्ठी देणे आमचे काम नव्हे. पण एली जे करतो, तेच आज बालमानसतज्ज्ञ आईबापांना शिकवतात. ओरडू नका. जवळ बोलवा. वर्तनामागे काय आहे ते शोधा. एका वेळी एकच सूचना द्या, तीही छोटी. "दप्तर भर, बूट घाल, डबा घे आणि आजीला बाय कर," या एका वाक्यात चार कामे आहेत, त्यांतले पहिले आणि शेवटचे त्याच्या हाती लागते. खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाहून "दप्तर भर" एवढेच सांगा. भरले की लगेच, संध्याकाळी बाबा आल्यावर नव्हे, तिथल्या तिथे "शाबास" म्हणा. या मुलांना उद्याचे बक्षीस दिसत नाही आणि कालची शिक्षा आठवत नाही. माराने तर काहीच साधत नाही. त्याला हात राखता येत नाही म्हणून आपणही हात राखू नये काय? शाळेत तर मुलांना मारणे आणि मानसिक छळ करणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने बंदच केले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला त्याहून खालचा नियम नसावा.

संत जॉन बॉस्को यांचेही इथे स्मरण होते. १९ व्या शतकातल्या तुरीन शहरात रस्त्यावरची, कारखान्यातली, कुठेच न टिकणारी मुले त्यांनी गोळा केली. स्वतः लहानपणी दोरीवर चालण्याचे, हातचलाखीचे खेळ शिकलेला हा माणूस. मुलांनी अंगणात पळावे, उड्या माराव्यात, गोंगाट करावा, याला त्यांची ना नव्हती. त्यांचा शिक्षणमार्ग शिक्षेवर उभा नव्हता, तर विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर उभा होता. अंगण आधी, बाक नंतर.

आता आपल्या रविवारच्या मिस्साविषयी. मूल हालते म्हणून पालक त्याला मागे नेऊन बसवतात. मागून त्याला मोठ्यांच्या पाठी दिसतात, मग ते चुळबुळणारच. त्याला पुढे बसवा, जिथून वेदी दिसते, धर्मगुरूचे हात दिसतात, मेणबत्त्या दिसतात. प्रवचनाच्या वेळी पाच मिनिटे बाहेर नेऊन आणले तर काही बिघडत नाही. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये असे धर्मगुरूंना बजावले होते, तेव्हा लक्ष न टिकणे हा काही फक्त मुलांचा प्रश्न नसावा! मुलांच्या मिस्साविषयी रोमहून १९७३ साली निघालेली मार्गदर्शिका आहे. मुलांचा सहभाग हालचालींतून, गीतांतून, वस्तू वेदीकडे आणण्यातून व्हावा, असे तिच्यात सुचवलेले आहे. हात रिकामे असले की ही मुले बिघडतात, हात भरले की सुधारतात. दानाची टोपली, अर्पणाच्या वेळची फुले, गीतांची पुस्तके वाटणे, वेदीसेवकाची घंटा, यांपैकी काहीतरी त्यांच्या हाती द्यावे. घरी जपमाळेची पाचही दशके त्याला गुडघ्यांवर बसवून म्हणवून घेण्याचा हट्ट नको. एक दशक त्याने पुढे होऊन म्हणावे, उरलेल्या वेळी मणी मोजावेत किंवा मेणबत्तीकडे लक्ष ठेवावे.

डॉक्टरांकडे जावे, हे पुन्हा सांगतो. आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, कमी ऐकू येणारे मूलही लक्ष न देणारे वाटते. नीट झोप होत नसेल, रात्री घोरत असेल, तर तेही सांगावे. रक्ताच्या एका तपासणीत किंवा मेंदूच्या फोटोत हा आजार दिसत नाही. डॉक्टर आईवडिलांशी बोलतात, शाळेकडून माहिती मागवतात, मुलाला पाहतात, मग ठरवतात. सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालकांना मार्गदर्शन देतात. मोठ्या मुलांना काही वेळा मेथिलफेनिडेट किंवा अॅटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे देतात. त्यांनी भूक कमी होऊ शकते, झोपेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब अधूनमधून पाहावे लागतात. औषधाने पोर व्यसनी होईल ही भीती आम्ही पुष्कळदा ऐकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणारी मुले त्यामुळे पुढे व्यसनाला लागतात, असे अभ्यासांत आढळलेले नाही. मात्र शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नये, आणि मनाने बंदही करू नये.

खर्चाची चिंता असेल त्यांच्यासाठी: २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या आजाराचाही समावेश आहे. सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पुष्कळ मुलांना याबरोबरच वाचन-लेखनाची अडचणही असते. तसे प्रमाणपत्र मिळाले तर दहावी-बारावीला जादा वेळासारख्या सवलती मिळतात, तेव्हा नववीपर्यंत वाट पाहत बसू नये.

आणि त्या आईविषयी. ती दिवसभर शाळेचे फोन घेते, संध्याकाळी शेजाऱ्यांचे टोमणे ऐकते, रात्री नवऱ्याला सगळे सांगता सांगता झोपी जाते. रविवारचा एक तास तिला देवाजवळ बसायला मिळावा, एवढीच तिची इच्छा असते. मागे वळून तिच्याकडे पाहिल्याने तो तिला मिळत नाही. तुम्ही शेजारी बसला असाल तर हळूच म्हणा, "आण गं त्याला इकडे, माझ्याजवळ बसू दे थोडा वेळ." तिला कम्युनियनला एकटीला जाऊ द्या.

पुढच्या रविवारपासून मुलांच्या मिस्साला उजवीकडील पहिले दोन बाक या कुटुंबांसाठी मोकळे ठेवले जातील. दानाच्या टोपल्या आणि गीतांची पुस्तके यांसाठी दर आठवड्याला सहा मुले लागतील. नावे शनिवारी संध्याकाळपर्यंत सॅक्रिस्टीत द्यावीत. मुलगा टोपली पाडेल अशी भीती वाटत असेल, तरी द्यावे. टोपल्या वेताच्या आहेत.